वेळेचा दबाव आणि वैमानिकाची चूक : अपघाताचा अहवाल संशोधकाने कसा वाचायचा?

यवतमाळहून नागपूरला जाताना रस्त्याच्या कडेला ‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी तुम्ही वाचली असेलच. पाटीत चूक काही नाही. पण संशोधक म्हणून वाचली तर तिच्यात एक गृहीतक दिसतं : घाई ही गाडी चालवणाऱ्याची वैयक्तिक सवय आहे आणि त्याने मनावर घेतलं तर ती सुटेल. ही घाई त्याला लावली कोणी, हा प्रश्न पाटी विचारत नाही.

आज हाच प्रश्न आपण विमानाच्या बाबतीत विचारू. यवतमाळला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. तरी हा विषय मुद्दाम निवडला, कारण मानवी चुकांचा इतका बारकाईने तपास दुसऱ्या फार कमी क्षेत्रांत होतो. विमानात आवाज रेकॉर्ड होतो, वेग आणि उंची दर क्षणाला नोंदली जाते, आणि मोठ्या अपघातांचे तपास अहवाल बहुतेक वेळा सगळ्यांसाठी खुले असतात. म्हणजे घरी बसून, एक रुपयाही खर्च न करता, कच्चा पुरावा वाचता येतो. पेट देणाऱ्या, कोर्सवर्क करणाऱ्या किंवा सिनॉप्सिसचा विषय शोधणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला सराव मिळणं अवघड आहे.

आधी व्याख्या पक्की करू

‘वेळेचा दबाव’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण संशोधनात शब्द मोजता आला पाहिजे. ‘वेळ कमी होता’ एवढं म्हणून भागत नाही. दोन मिनिटं काही कामांना भरपूर असतात, काही कामांना अजिबात पुरत नाहीत.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या काढा. पहिली, काम नीट करायला लागणारा वेळ. दुसरी, हातात असलेला वेळ. तिसरी, वेळ चुकला तर काय होईल याची त्या माणसाला असलेली जाणीव. पहिली दुसरीपेक्षा मोठी झाली की दबाव तयार होतो, आणि तिसरी तो दबाव वाढवते. यातली तिसरी गोष्ट डोक्यात असते, त्यामुळे कोणत्याही यंत्रावर तिची थेट नोंद होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळी अडचण इथूनच येणार आहे.

आणखी एक फरक. थकवा, कामाचा भार आणि वेळेचा दबाव हे तिन्ही एकत्र येतात, पण ते एक नाहीत. ताजातवाना वैमानिकही घाईत असू शकतो, आणि थकलेल्याच्या हातात भरपूर वेळ असू शकतो. सिनॉप्सिसमध्ये या तिघांची खिचडी केली तर गाईड पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

कॉकपिटमध्ये नेमकं काय बिघडतं

घाईने चुका होतात हे आजीलाही माहीत असतं. संशोधकाला ‘कशा’ होतात ते सांगावं लागतं. वैमानिकांच्या बाबतीत चार वाटा पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, वेग आणि अचूकता यांची अदलाबदल. कोणतंही काम ठरावीक मर्यादेपलीकडे वेगाने केलं की अचूकता घसरते. उड्डाणाआधी वजन, इंधन, मार्ग, धावपट्टी असे कितीतरी आकडे संगणकात भरावे लागतात आणि दुसऱ्या वैमानिकाने ते तपासायचे असतात. घाईत भरणं होतं, पण तपासणं नुसतं उरकलं जातं.

दुसरी, लक्षाचा घेर लहान होणं. दबावाखाली माणूस जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्यावरच नजर रोखतो. धावपट्टी दिसतेय ना, मग तेवढंच दिसतं. मागून येणारा वारा, जास्त झालेला वेग, बाजूला बसलेल्याचा आवाज हे सगळं घेराच्या बाहेर जातं.

तिसरी, अर्धवट सुटलेलं काम. वैमानिक चेकलिस्ट वाचत असतात. मध्येच कोणी बोललं, परवानगी आली, की ओळ तुटते. वेळ असेल तर माणूस पहिल्यापासून सुरू करतो. घाईत ‘हे झालंय’ असं मनच सांगतं. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदला स्पॅनएअरच्या ५०२२ क्रमांकाच्या विमानाचं असंच झालं. एका बिघाडामुळे ते धावपट्टीजवळून परत आलं होतं आणि त्यात बराच उशीर झाला होता. दुसऱ्यांदा निघताना चेकलिस्टमध्ये फ्लॅपची तपासणी येणार, तेवढ्यात कॅप्टनने सह-वैमानिकाला नियंत्रण कक्षाकडे परवानगी मागायला सांगितलं. ती ओळ राहून गेली. फ्लॅप म्हणजे कमी वेगातही विमान उचललं जावं म्हणून पंखांचे बाहेर काढायचे भाग. ते आत राहिले, धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही वाजली नाही, आणि १५४ जणांचा जीव गेला.

चौथी वाट सगळ्यात महत्त्वाची आहे : ठरलेला बेत सोडवत नाही. याला मराठीत आपण ‘बेत पुढे रेटण्याचा कल’ म्हणू. परिस्थिती बदललेली असते, चिन्हं समोर असतात, पण माणूस मूळ योजनेवर चालत राहतो. मुक्काम जितका जवळ, तितका हा कल जास्त. कारण योजना बदलायची म्हणजे नव्याने विचार करायचा, आणि विचाराला वेळ लागतो. तोच तर नसतो.

याचा एक आकडा बघण्यासारखा आहे. उतरताना ठरावीक उंचीवर विमानाचा वेग, उतार आणि दिशा ठरलेल्या मर्यादेत नसतील, तर वैमानिकाने उतरणं सोडून पुन्हा वर जायचं असतं. याला गो-अराउंड म्हणतात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार साधारण ३ ते ४ टक्के वेळा उतरण्याची तयारी अशी अस्थिर असते, आणि त्यातल्या सुमारे ९७ टक्के वेळा वैमानिक उतरतातच. नियम माहीत असलेल्या, प्रशिक्षित माणसांचा हा आकडा आहे. ‘त्यांना कळत नव्हतं’ असं म्हणून तो सुटत नाही.

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबई–कोझिकोड हे १३४४ क्रमांकाचं उड्डाण कोरोनाच्या काळात अडकलेल्या भारतीयांना घेऊन येत होतं. विमानात १९० जण होते. कॅप्टन होते दीपक साठे. हवाई दलात विंग कमांडर राहिलेले, १० हजार तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव असलेले मराठी वैमानिक. त्यांचे आई-वडील नागपूरला राहत. त्या संध्याकाळी कोझिकोडला जोराचा पाऊस होता. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडावा लागला. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्या प्रयत्नात विरुद्ध दिशेची धावपट्टी घेतली आणि त्यामुळे वारा पाठीमागून आला. सुमारे २,७०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर विमानाची चाकं टेकली तेव्हा जवळपास १,३५० मीटर, म्हणजे अर्धी धावपट्टी, मागे गेली होती. कोझिकोडची धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली आहे. विमान टोकावरून खाली गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

विमान अपघात तपास विभागाचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. सर्वांत संभाव्य कारण म्हणून त्यात लिहिलं आहे ते थोडक्यात असं : अस्थिर स्थितीत उतरणं चालू ठेवलं, ठरलेल्या पट्ट्याच्या पुढे विमान टेकवलं, आणि सह-वैमानिकाने गो-अराउंड म्हटल्यावरही ते केलं नाही.

बहुतेक बातम्या इथे थांबल्या. ‘वैमानिकाची चूक’ हा मथळा झाला. संशोधकाने इथून पुढे वाचायचं असतं, कारण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच पुढचं उड्डाण करायचं होतं. विमान दुसऱ्या विमानतळावर वळवलं असतं तर ड्यूटीचे तास लांबले असते, सक्तीची विश्रांती उशिरा सुरू झाली असती आणि सकाळचं उड्डाण अडचणीत आलं असतं. कोझिकोडलाच उतरण्याच्या आग्रहामागे ही ओढ असावी, असं अहवाल म्हणतो. मग दुसरा कॅप्टन का नव्हता? अहवालातला आकडा असा आहे : कोझिकोडच्या तळावर २६ सह-वैमानिकांची नेमणूक होती आणि कॅप्टन होता फक्त १. कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाला अहवालाने त्यासाठी दोष दिला आहे.

इथे जरा थांबून विचार करा. त्या रात्री कॉकपिटमध्ये कोणी ‘लवकर, लवकर’ म्हणत नव्हतं. घड्याळ होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. आणि त्या घड्याळाला चावी दिली गेली होती काही महिने आधी, कोणत्या तळावर किती कॅप्टन ठेवायचे हे कार्यालयात ठरलं तेव्हा. ज्यांनी ते ठरवलं ते त्या पावसात नव्हते.

एक सावधगिरी. अपघाताचं एकच कारण नव्हतं. याच तळावरचा दांडगा अनुभव आणि त्यातून आलेला आत्मविश्वास, दोन वैमानिकांमधली अधिकाराची दरी, पावसात अंतराचा होणारा दृष्टिभ्रम, प्रकृतीचा मुद्दा, वायपर अशी बरीच कारणं अहवाल मांडतो. वेळेचा दबाव त्यातलं एक आहे. आपल्या आवडीच्या कारणाला सगळ्याचं मूळ ठरवणं हा नव्या संशोधकाला होणारा नेहमीचा मोह आहे. तो टाळायचा. ‘कारण’ आणि ‘हातभार’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इथे दुसराच योग्य आहे.

सुरक्षेचा नियमच घड्याळ होतो तेव्हा

कोझिकोडमधली गुंतागुंत नवी नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. आजवरचा हा विमानवाहतुकीतला सर्वांत मोठा अपघात आहे.

दोन्ही विमानं खरं तर शेजारच्या ग्रान कनारिया बेटावर जायची होती. तिथे बॉम्बस्फोट झाल्याने ती तेनेरीफला वळवली गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाला त्याच दिवशी अ‍ॅम्स्टरडॅमला परतायचं होतं. नेदरलँड्समध्ये वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांचा नियम नुकताच कडक झाला होता. आधी कॅप्टन स्वतःच्या अधिकारात थोडी वाढ घेऊ शकत असे, आता तसं करता येत नव्हतं. कर्मचाऱ्यांनी कंपनीशी संपर्क साधून आपली मर्यादा विचारून घेतली. पुढे वेळ वाचावा म्हणून कॅप्टनने तेनेरीफलाच इंधन भरून घेतलं. त्यात वेळ गेला, विमान जड झालं, मागचं पॅन अ‍ॅमचं विमान अडकून पडलं, आणि तोवर धुकं उतरलं. शेवटी केएलएमच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना विमान सोडलं. पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवर आहे का, अशी शंका त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती झटकली. हे कॅप्टन कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते.

दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. ड्यूटीची मर्यादा आणि सक्तीची विश्रांती हे नियम थकवा टाळण्यासाठी, म्हणजे सुरक्षेसाठीच आहेत. पण मर्यादेला थोडीही सैल जागा नसली, किंवा पर्यायी माणूस नसला, की तोच नियम कॉकपिटमध्ये अंतिम मुदत बनतो. म्हणून नियम सोडायचे का? अजिबात नाही. नियमासोबत पुरेशी माणसं आणि वेळापत्रकात मोकळी जागा द्यावी लागते, एवढाच याचा अर्थ. नाहीतर थकव्याचा धोका कमी होतो आणि घाईचा वाढतो.

पुरावा येतो कुठून?

आतापर्यंत आपण दोन-तीन गोष्टी वाचल्या. गोष्टींवरून प्रबंध होत नाही. वेळेच्या दबावाचा पुरावा मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो आणि प्रत्येकाची एक बाजू लंगडी आहे.

पहिला, अपघातांच्या अहवालांचा एकत्र अभ्यास. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७८ ते १९९० या काळातले, वैमानिकांच्या चुका आढळलेले ३७ मोठे अपघात त्यांनी तपासले. ज्या उड्डाणांच्या वेळेची माहिती मिळाली त्यांपैकी ५५ टक्के उड्डाणं उशिरा सुटलेली किंवा वेळापत्रकाच्या मागे पडलेली होती.

५५ टक्के हे जास्त की कमी? एकटा आकडा काहीच सांगत नाही. अपघात न झालेल्या उड्डाणांपैकी किती उशिरा होती, हे कळल्याशिवाय निष्कर्ष नाही. मंडळाने ती तुलना केली, आणि एरवीच्या उड्डाणांत उशिराचं प्रमाण यापेक्षा कमी होतं.

झालं सिद्ध? नाही. एक काल्पनिक उदाहरण कागदावर करून बघा. समजा २,००० उड्डाणं आहेत. ६०० उशिरा, १,४०० वेळेवर. उशिराच्या गटात २१ चुका झाल्या, म्हणजे ३.५ टक्के. वेळेवरच्या गटात २६, म्हणजे सुमारे १.९ टक्के. उशिरा असणाऱ्यांची चूक जवळपास दुप्पट! आता हवामान बघा. उशिराच्या ६०० पैकी ५०० पावसात होती आणि १०० कोरड्या हवेत. वेळेवरच्या १,४०० पैकी ४०० पावसात आणि १,००० कोरड्या हवेत. पावसातल्या चुका अनुक्रमे २० आणि १६, दोन्हीकडे ४ टक्के. कोरड्या हवेतल्या चुका १ आणि १०, दोन्हीकडे १ टक्का. म्हणजे उशिराचा इथे काहीच परिणाम नव्हता, सगळा खेळ पावसाचा होता. पाऊस उशीरही करतो आणि चूकही घडवतो. अशा तिसऱ्या घटकाला वेगळं काढल्याशिवाय ‘उशिरामुळे चूक’ असं लिहायचं नाही.

दुसरा पुरावा, वैमानिकांनी स्वतःहून दिलेल्या नोंदी. अमेरिकेत नासा १९७६ पासून एक गोपनीय नोंदवही चालवते. वैमानिक आपल्या चुका तिथे कळवतात, नावं काढून टाकली जातात. जीन मॅकएलहॅटन आणि चार्ल्स ड्रू यांनी १९९३ मध्ये अशा १२५ नोंदी तपासल्या. सगळ्या घाईतल्या चुकांच्या. त्यांना आढळलं की बहुतांश चुका विमान जागेवर उभं असताना, उड्डाणाच्या तयारीतच झालेल्या होत्या. त्यांचे परिणाम मात्र नंतर, बऱ्याचदा उड्डाण घेताना किंवा वर चढताना, समोर आले. कर्मचारी, इंधन, प्रवासी, सामान, कागदपत्रं, नियंत्रण कक्ष या सगळ्यांचा उशीर उड्डाणाआधीच्या त्या काही मिनिटांत वैमानिकाच्या अंगावर येतो, असं हे चित्र आहे. लंगडी बाजू ही की, ज्यांना लिहावंसं वाटलं त्यांच्याच नोंदी आल्या. म्हणून यातून चुकीचं प्रमाण काढता येत नाही, फक्त चुकीचा आकार कळतो.

तिसरा पुरावा, प्रयोग. घाई मुद्दाम लावायची, आणि कोणाला लावायची ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. मग पावसासारखा तिसरा घटक दोन्ही गटांत सारखा वाटला जातो. विमानाच्या बाबतीत हे सिम्युलेटरमध्ये करतात. पण घाईवरचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग विमानाशी संबंधित नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनला धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. काहींना सांगितलं ‘उशीर झालाय’, काहींना ‘वेळेत आहात’, काहींना ‘अजून वेळ आहे’. वाटेत एक माणूस दाराशी कळवळत बसवलेला होता. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, मधल्या गटातले ४५ टक्के, आणि उशीर झालेल्यांपैकी फक्त १० टक्के. काही जण तर जखमी अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी प्रवाशाच्या गोष्टीवरच बोलायला चालले होते! स्वभाव किंवा श्रद्धा यांच्यापेक्षा घड्याळाने निकाल ठरवला. लंगडी बाजू इथेही आहे. सिम्युलेटर असो की प्रयोगशाळा, उद्या सकाळच्या उड्डाणाची काळजी तिथे तयार करता येत नाही.

म्हणून तिन्ही पुरावे एकत्र वाचायचे. एकाची लंगडी बाजू दुसऱ्याने सावरायची. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पन्नास पेपरांचे सारांश एकाखाली एक चिकटवणं नाही, तो हा हिशेब आहे.

निकाल माहीत असताना वाचण्याचा धोका

कोझिकोडचा अहवाल वाचताना प्रत्येक ओळीला मनात येतं, ‘अरे, इथेच परत फिरायला हवं होतं!’ आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून तसं वाटतं. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की निकाल कळला की तो आधीपासून जास्त अटळ होता असं माणसाला वाटू लागतं, आणि असं होतंय हे त्याला स्वतःला जाणवत नाही.

यावर एक चांगला उपाय डिस्म्यूक्स, बर्मन आणि लुकोपोलस यांच्या २००७ च्या पुस्तकात आहे. त्यांनी अमेरिकेतले १९ विमान अपघात पुन्हा तपासले. या वैमानिकाने चूक का केली, असं विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं : तेवढाच अनुभव असलेली दुसरी जोडी त्याच जागी, तेवढ्याच माहितीवर, तेवढ्याच वेळात बसवली असती तर तिच्या हातून ही चूक होण्याची शक्यता होती का? उत्तर बऱ्याचदा ‘होती’ असं येतं. तसं आलं की दोष एका माणसाच्या स्वभावात शोधून उपयोग नाही, तो परिस्थितीत शोधावा लागतो.

हा प्रश्न फक्त अभ्यासाचा नाही. ‘वैमानिकाची चूक’ एवढ्यावर तपास थांबला तर जो माणूस उत्तर द्यायला उरला नाही त्याच्या नावावर सगळं जमा होतं. त्याच्या घरच्यांना ते आयुष्यभर वाहावं लागतं. आणि रोस्टर तसंच राहिलं, तर पुढचा वैमानिक त्याच घड्याळासमोर बसतो.

आपल्याकडे आत्ता काय चाललंय

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये ड्यूटीचे नवे नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या सकाळी ६ पर्यंत वाढली आणि रात्रीच्या वेळेत किती वेळा उतरायचं याची मर्यादा ६ वरून २ वर आली. अंमलबजावणी लांबली आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत झाली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नव्या नियमांनुसार लागणाऱ्या वैमानिकांचं नियोजन पुरेसं झालेलं नव्हतं. शेवटी कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट दिली गेली.

प्रवाशांचे हाल झाले, ते खरंच आहे. पण आपल्या चौकटीतून बघा. माणसं कमी आणि वेळापत्रक भरगच्च असेल तर तो ताण कुठेतरी बाहेर पडणारच. या वेळी तो विमानतळावरच्या फलकावर दिसला, सगळ्या देशाला दिसला. एरवी तो कॉकपिटमध्ये राहतो आणि कोणाला दिसत नाही. सूट दिली म्हणजे तो ताण पुन्हा कुठे गेला, हा संशोधनाचा प्रश्न आहे.

दुसरं घड्याळ वक्तशीरपणाचं. विमान ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असेल तर ते ‘वेळेवर’ धरतात, आणि कंपन्यांची ही टक्केवारी महासंचालनालय दर महिन्याला जाहीर करतं. कमी भाड्याच्या कंपन्या उतरलेलं विमान साधारण अर्ध्या तासात पुन्हा सोडायचा प्रयत्न करतात. सकाळी एका ठिकाणी २० मिनिटं गेली की ती दिवसभर त्या विमानामागे फिरतात. जे मोजलं जातं आणि जाहीर होतं, त्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. किती वैमानिकांनी वेळ गेला तरी गो-अराउंड केला, याची अशी मासिक यादी लागत नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विमान हवंच असं नाही. वेळेचा दबाव मोजण्याजोगा आहे अशा जागा जिल्ह्यातच भरपूर आहेत : १०८ ची रुग्णवाहिका, एसटीचा चालक, सरकारी रुग्णालयातली रात्रपाळी, कापसाच्या हंगामातलं जिनिंग. कुठलाही विषय घेतलात तरी पाच प्रश्न आधी कागदावर लिहा.

१. लागणारा वेळ आणि मिळालेला वेळ मी वेगवेगळे कसे मोजणार?
२. चूक न झालेल्या प्रसंगांची माहिती माझ्याकडे आहे का? नसेल तर तुलना कशाशी?
३. उशीर आणि चूक दोन्ही घडवणारा तिसरा घटक कोणता असू शकतो?
४. त्या जागी दुसरा माणूस असता तर?
५. मुदत ठरवली कोणी, कधी, आणि ती ठरवताना तो कुठे बसला होता?

पहिले चार प्रश्न बहुतेक पुस्तकांत सापडतील. पाचवा सहसा राहून जातो, कारण त्याचं उत्तर चूक झालेल्या जागी मिळत नाही. त्यासाठी ड्यूटीचे तक्ते, मंजूर पदं आणि भरलेली पदं, वेळापत्रकं असली रटाळ कागदपत्रं चाळावी लागतात. माहितीच्या अधिकारात यातलं बरंच मिळू शकतं, फक्त अर्ज वेळेत टाका.

सुरुवात करायची असेल तर कोझिकोडचा अहवाल विमान अपघात तपास विभागाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. अडीचशेच्या वर पानं आहेत, इंग्रजी तांत्रिक आहे. एका बसणीत वाचू नका. आधी निष्कर्षांचं प्रकरण वाचा, मग प्रत्येक निष्कर्षासाठी आतला पुरावा शोधा, आणि जिथे पुराव्यापेक्षा निष्कर्ष मोठा वाटेल तिथे पेन्सिलने खूण करा. आठ-दहा दिवस लागतील. लागू द्या.